सावकार, सरपंच आणि म्हातारा बाप: झाडीपट्टीतल्या चरित्र नटासाठी कामाच्या गोष्टी

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत वडसा हे नाटक कंपन्यांचं गाव. तिथं कंपनीच्या ऑफिसात गेलं की निर्माता चेहरा न्याहाळत विचारतो, "काय काय करता?" "सगळंच करतो" हे या प्रश्नाचं सगळ्यांत वाईट उत्तर. त्यातून त्याला काहीच कळत नाही. आपल्या अंगाला, आवाजाला आणि चेहऱ्याला बसणारे तीन प्रकार ठरवा आणि तेवढेच सांगा: गावचा सावकार, पोरीचा गरीब बाप, हवालदार. तिशीतला जाड आवाजाचा माणूस पंचावन्नचा बाप सहज दिसतो. पण किरकोळ बांध्याच्या माणसानं कितीही मिशी लावली तरी सावकार उभा राहत नाही. विनोदी अंग असेल तर ते वेगळं सांगा, त्याला या भागात मान आहे. गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, आणि त्यांची ओळख विनोदी भूमिकांची आहे, नायकाची नाही.

हंगाम दिवाळीनंतरच्या मंडईपासून, म्हणजे गावजत्रेपासून, होळीपर्यंतचा. म्हणजे धानाची कापणी आणि पहिले प्रयोग नेमके एकाच वेळी अंगावर येतात. घरी शेती असेल तर कापणीचे दिवस कोण सांभाळणार हे तारखा देण्याआधी ठरवा. एकाच रात्रीची तारीख दोन कंपन्यांना दिली की दोन्हीकडून नाव जातं, आणि ही गोष्ट शंकरपटातल्या (बैलांच्या शर्यतीतल्या) जोडीच्या निकालापेक्षा लवकर पसरते. तारखांची वही एकच ठेवा. तारीख, गाव, कंपनी, नाईट (एका प्रयोगाचे पैसे) किती ठरली, बयाणा किती मिळाला, जेवण आणि गाडी कोणाची, हे सगळं त्याच दिवशी लिहून टाका.

नक्कल, म्हणजे आपल्या संवादांचे कागद, हाती आली की तिचा फोटो काढून भागत नाही. ती स्वतःच्या हातानं उतरवा: समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे चार शब्द लाल पेननं, त्याखाली आपलं वाक्य निळ्यानं. चरित्र नटाला पाच-सहाच एंट्र्या असतात, त्यामुळे प्रॉम्प्टरच्या भरवशावर राहायची सवय लागते. ती मोडा. पाठांतर नसलेल्या नटाचा कान विंगेकडे लागलेला असतो. मान तिकडे झुकते आणि सावकाराचा दरारा तिथंच संपतो. पुढे टीव्ही मालिकेत काम मिळालं तर तिथं प्रॉम्प्टर नसतोच. सीनचा कागद बहुतेक वेळा सेटवर मिळतो आणि मेकअप होईपर्यंत पाठ करावा लागतो.

आवाज रात्रभर टिकवणं ही खरी कसोटी आहे. पडदा दहा-अकराला उघडतो, शेवटचा अंक पहाटे. बाप सहसा त्याच अंकात मरतो किंवा पोरीला माफ करतो, म्हणजे सगळ्यांत मोठं रडणं घशाच्या सगळ्यांत वाईट वेळी येतं. मधल्या वेळात झोपलात तर एंट्रीच्या निदान अर्धा तास आधी उठा, कोमट पाणी घ्या आणि ओठ मिटून हलकं गुणगुणा. झोपेतून उठून थेट ओरडलं की आवाज फाटतो. माईक वर टांगलेले असतात. त्यांच्याखाली उभं राहून बोललं तर ओरडावं लागत नाही. मागे सरकून बोललेलं वाक्य मात्र मंडपाच्या शेवटपर्यंत जात नाही.

आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) सोडा. हे उपदेश म्हणून नाही, धंद्याचं गणित म्हणून. सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठर होत जाते, तोंड पुरतं उघडत नाही, आणि मग 'आ'कार दबतो, ट-ठ-ड बोथट होतात. क्लोजअपमध्ये लाल दात दिसतात ते वेगळंच.

म्हाताऱ्याचा चेहरा करताना सुरकुत्या मनानं काढू नका. आरशात कपाळ चढवा, डोळे बारीक करा. जिथं कातडी खरंच मोडते तिथंच गडद तपकिरी रेघ द्या, शेजारी फिकट पट्टा, आणि दोन्हीची कड बोटानं पुसा. काळ्या पेन्सिलीची रेघ लांबून जखमेसारखी दिसते. मिशीसाठी ओठावरचा भाग आधी दाढी करून, तेल पुसून कोरडा करा. स्पिरिट गम लावल्याबरोबर मिशी चिकटवायची नाही. बोटानं टिपत राहा, तार सुटायला लागली की मिशी ठेवा आणि ओलसर फडक्यानं दाबा. मग मोठ्यानं हसून बघा. कोपरा सुटला तर तो आत्ताच सुटू द्या. तेलकट कातडी आणि घाई या दोन कारणांनी मिशा पडतात. काढताना ओढू नका, खोबरेल तेल मुरू द्या.

बोलीबद्दल. मुंबईत मालिकांच्या ऑडिशनला 'विदर्भाची भाषा येते का' असं विचारतात, जणू ती एकच आहे. वऱ्हाडीत डोळ्याचा 'डोया' होतो, झाडीबोलीत 'डोरा'. एका पात्राच्या तोंडी दोन्ही आले की आपल्याकडचा माणूस टीव्ही बंद करतो. ऑडिशनला पात्राचं गाव विचारा, बोली एकच धरा आणि दर वाक्यात 'बे' टाकायचा मोह आवरा. पण प्रमाण मराठीही लागतेच. न-ण, ळ-र आणि श-स रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचून वेगळे करा, नाहीतर शहरातला वकील कधीच मिळणार नाही.

ऑडिशनचा व्हिडिओ गावातूनच पाठवता येतो. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, काहीतरी टेकून ठेवलेला. पाठीमागे साधी भिंत, तोंड खिडकीकडे. कूलर आणि पंखा बंद. समोरचे संवाद वाचणारा माणूस फोनच्या अगदी बाजूला उभा करा आणि त्याला हळू आवाजात वाचायला सांगा. आधी नाव, वय, उंची, गाव, भाषा, मग डावी-उजवी बाजू, मग सीन. पहाटेच्या अंकातलं रडणं इथं चालत नाही. रंगमंचावर सावकार चोपडी उघडतो तेव्हा ती छातीपर्यंत उचलतो, बोटाला थुंकी लावतो, पान सावकाश उलटतो, तेव्हा कुठं मागच्या रांगेला कळतं. कॅमेऱ्यासमोर एका नावावर येऊन थांबलेलं बोट पुरतं.

ऑडिशन, नोंदणी किंवा 'कार्ड' यासाठी कोणी पैसे मागितले तर तिथंच विषय संपवा. काम देणारा आधी पैसे घेत नाही. पक्का निरोप आल्याशिवाय विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट काढू नका.

सेटवर एकच सीन आधी लांबून आणि मग जवळून, पुन्हा पुन्हा होतो. पहिल्यांदा 'पोरगी' या शब्दावर उजव्या हातानं कप उचलला असेल तर दर वेळी त्याच शब्दावर, त्याच हातानं. म्हणून लांबच्या शॉटमध्ये हातवारे कमी ठेवा, जेवढे कराल तेवढे लक्षात ठेवावे लागतील. स्वतःचे कपडे आणायला सांगितलं तर कडक पांढरं धोतर आणि बारीक चौकडीचा शर्ट टाळा. पांढरं चमकतं आणि चौकडी पडद्यावर थरथरते.

मालिकेचे पैसे दिवसावर ठरतात आणि बऱ्याचदा 90 दिवसांनी येतात. तेवढे दिवस घर कशावर चालेल ते आधी बघा. टीडीएस 10 टक्के कापला जातो. विवरणपत्र भरलं आणि कर बसत नसेल तर तो परत मिळतो. पॅनवरचं आणि बँकेतलं नाव एकच असू द्या. काम मिळवून देणाऱ्या को-ऑर्डिनेटरचं कमिशन किती हे फोनवर ठरलं तरी लगेच मेसेजवर लिहून घ्या.

शेवटचं काम कागदांचं, आणि तेच सगळे विसरतात. पन्नाशीनंतर सरकारच्या ज्येष्ठ कलाकार मानधनासाठी अर्ज करताना कामाचे पुरावे मागतात. आपलं नाव छापलेली नाटकाची पत्रकं, बातम्यांची कात्रणं, मंडळांची प्रमाणपत्रं पहिल्या हंगामापासून जपा. पेटीत तशीच ठेवली तर वाळवी लागते. प्लास्टिकच्या फाईलमध्ये घाला, मागे तारीख आणि गाव लिहा, आणि प्रत्येकाचा एक फोटो फोनमध्ये ठेवा.