घरपट्टीच्या मुद्द्यावर लहान पक्षाने दारोदार कसं फिरावं

पुण्यातल्या धायरीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि एका चिमुकल्या पक्षाचा मी खजिनदार आहे. पक्षाचं नाव सांगून उपयोग नाही, तुम्ही ऐकलेलं नसणार. आमचा मुद्दा एकच, मिळकतकराची, म्हणजे घरपट्टीची, आकारणी सुधारा. दुसऱ्या कुठल्या शहरात असा मुद्दा घेऊन कुणी उभं राहणार असेल, तर आम्ही ठेचा खाऊन जे शिकलो ते इथे लिहून ठेवतो.

पहिली ठेच पत्रकाची. ‘घरपट्टी निम्मी करू’ असं ठळक छापून 5,000 पत्रकं वाटली. तिसऱ्याच सोसायटीत एका काकांनी चष्मा कपाळावर ढकलून विचारलं, “निम्मी करा हो, पण मग आमचे टँकर बंद कोण करणार? पाइपलाइनला पैसे कुठून आणाल?” आमच्यातल्या एकालाही उत्तर देता आलं नाही. उरलेली पत्रकं अजून दुकानात आहेत, मागच्या कोऱ्या बाजूवर मी हिशेब करतो.

तेव्हा छपाईच्या आधी बिलं वाचा. निदान पन्नास तरी. माझ्याकडे ती आयती येतात, तुम्हाला मागून घ्यावी लागतील. बिलावर ‘घरपट्टी’ अशी एकच ओळ नसते. सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, वृक्ष, जललाभ, मलप्रवाह, शिक्षण अशी ती अख्खी पंगत असते. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने लिहा, ही कमी करणं कुणाच्या हातात आहे. शासनाचा शिक्षण कर महापालिका फक्त गोळा करते, तो राज्याचा. तो कमी करण्याचं आश्वासन नगरसेवकपदाच्या उमेदवाराने दिलं, तर ती शुद्ध थाप.

मग आकारणी समजून घ्या, कारण खरी गोम तिथे आहे. पुण्यात कर बसतो तो घराला मिळू शकेल अशा वार्षिक भाड्यावर. मुंबईत 2010 पासून भांडवली मूल्य, म्हणजे घराची किंमत, धरतात, म्हणून मुंबईच्या मावसभावाचं बिल पुढे करून पुण्यात भांडू नका. लोकांना समजावताना मी कागदावर असं मांडतो. समजा 600 चौरस फुटांचं घर, महिन्याला फुटामागे 3 रुपये भाडं धरलं. वर्षाचे झाले 21,600. देखभालीचे 10 टक्के वजा, राहिले 19,440. मालक स्वतः राहत असेल तर 40 टक्के सवलत, म्हणजे आकारणीची रक्कम आली 11,664. बिलावरचे दर या रकमेवर लागतात. एवढं गणित दारात उभ्या उभ्या दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे. घरी आरशासमोर म्हणून बघा, लाजू नका.

त्या 40 टक्क्यांची गोष्ट तर पाठच करा. पुण्यात ही सवलत 1970 पासून चालत आली होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, राज्य सरकारने महापालिकेचा जुना ठराव रद्द केला आणि 2019 पासून नव्या मिळकतींना सवलतीशिवाय बिलं जाऊ लागली. 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळानेच ती परत दिली. पुण्यातल्या कसब्याची विधानसभा पोटनिवडणूक सत्ताधारी नुकतेच हरले होते, अधिक काही बोलत नाही. सवलतीसाठी मालकाने स्वतः राहत असल्याचा पुरावा जोडून पीटी-3 अर्ज भरायचा होता. त्या दिवसांत माझ्या दुकानाबाहेर रांग असायची. सोसायटीचं पत्र, वीजबिल, आधार, सगळ्याच्या दोन दोन प्रती. आमचे जे काही सभासद झाले, त्यातले निम्मे त्या रांगेत झाले. मी भाषण केलं नाही, फक्त अर्ज भरून देत होतो.

म्हणून सांगतो, प्रचार फेरी म्हणून फिरू नका, बिल घेऊन बसा. एक प्रसंग सांगतो. एका आजींनी साडीच्या दुकानाच्या पिशवीतून बिल काढलं. “बाळा, एवढी घरपट्टी असती का? मोदीला सांग, नाहीतर त्या फडणवीसला सांग.” बिलावर नाव त्यांच्या सासऱ्यांचं, त्यांना जाऊन बरीच वर्षं झालेली. चालू वर्षाचा कर तसा बेताचाच होता. आकडा फुगला होता थकबाकीने आणि तिच्यावर महिन्याला 2 टक्क्यांनी चढणाऱ्या शास्तीने, म्हणजे दंडाने. मुलाला वाटायचं आई भरते, आईला वाटायचं मुलगा भरतो. आकारणी सुधारून त्यांना काही मिळणार नव्हतं. मी ते तसंच सांगितलं आणि नाव बदलायचा अर्ज लिहून दिला. मत दिलं का, ठाऊक नाही. पण पुढच्या रविवारी त्यांच्या गल्लीतल्या चौघीजणी बिलं घेऊन दुकानात आल्या.

आमच्यासारख्या समाविष्ट गावात आणखी एक मुद्दा असतो. धायरी 2017 मध्ये आणखी दहा गावांबरोबर महापालिकेत आली, 2021 मध्ये आणखी 23 गावं आली. ग्रामपंचायतीची घरपट्टी एकदम महापालिकेच्या दरावर जात नाही, वर्षाला 20 टक्क्यांच्या पायऱ्यांनी चढते. म्हणजे दर जाहीरपणे न वाढवताही बिल दरवर्षी वाढतं, आणि माणूस म्हणतो पालिका लुटते. हे आधी सांगा. गावातलं कुणी फुरसुंगी-उरुळी देवाचीचं उदाहरण देईलच, ती दोन गावं महापालिकेतून बाहेर पडून वेगळी नगरपरिषद झाली. त्याला उत्तर तयार ठेवा. गावाने महापालिकेतून बाहेर पडावं का, या एका प्रश्नावरून आमच्या पक्षात दोन तट आहेत आणि बैठकीत अजूनही खुर्च्या सरकतात.

वेळ साधा. कायद्याप्रमाणे पुढच्या वर्षाचे करदर महापालिकेने 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. निवेदन द्यायचं ते जानेवारीत. बिलं हातात पडल्यावर एप्रिलमध्ये मोर्चा काढला तर फोटो छान येतात, एवढंच.

नोंदणीचं थोडक्यात. पक्ष स्थापन झाल्यापासून 30 दिवसांत केंद्रीय निवडणूक आयोगाकडे अर्ज, निदान 100 सभासद, 10,000 रुपये शुल्क. महापालिका लढवायची तर राज्य निवडणूक आयोगाचं दारही ठोठवावं लागतं. आणि नोंदणी करून झोपू नका. सहा वर्षं एकही निवडणूक न लढवलेले 334 पक्ष ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रीय आयोगाने यादीतून काढले.

पैशांचं मात्र माझं खातं, म्हणून जरा जास्त बोलतो. पावतीपुस्तक पहिल्या दिवसापासून. 2,000 रुपयांवरची देणगी रोख घ्यायची नाही, नाहीतर पक्षाची प्राप्तिकराची सूट जाते. एक बिल्डर पाकीट घेऊन आले होते, त्यांना मी यूपीआयचा कोड दाखवला. चहासुद्धा न पिता गेले. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच, झेरॉक्स काढली तरी. हे मी धंदेवाईक म्हणून सांगतोय, कारण विसरणारे सगळे माझ्याकडेच रात्री अकराला येतात.

निकालानंतर 30 दिवसांत उमेदवाराचा खर्च सादर करायचा असतो. नाही केला तर पुढे अपात्र ठरवतात. हरलेला उमेदवार फोन उचलत नाही, हे गृहीत धरा आणि वडापावची बिलं रोजच्या रोज वहीत चिकटवा. मी डिंक वापरतो, स्टेपलरने वही फुगते.