थंडीत कुरकुरणारे शॉकअप

निफाडकडच्या थंडीत पहाटे पिकअप बाहेर काढली की मागून कुरकुर आणि खड्ड्यात ‘टक’. ऊन चढलं की दोन्ही गायब. दुपारी गॅरेजला नेली तर गाडी अगदी शहाण्यासारखी वागायची, म्हणून तपासणी पहाटेच करायचं ठरवलं.

थंडीत शॉकअपमधलं, म्हणजे चाकाचे धक्के शोषणाऱ्या नळकांड्यातलं, तेल घट्ट होतं आणि बुशांचं, म्हणजे जोडांत बसवलेल्या रबरी कड्यांचं, रबर कडक. तेलामुळे गाडी सुरुवातीला ताठर चालते, थोडं अंतर गेल्यावर ते निवळतं. कुरकुर मात्र बहुतेक वेळा रबराची. एकाने हौद्यात उभं राहून गाडीला झोके द्यायचे, दुसऱ्याने एकेका बुशावर पाणी मारायचं. ज्यावर पाणी पडताच आवाज थांबतो, तोच चोर. माझ्याकडे डाव्या शॉकअपचा खालचा बुश सापडला. रबर चिरलेलं, आतली नळी सैल. ‘टक’ही त्याचीच.

शॉकअपवर तेलाचा ओघळ नव्हता, म्हणून जोडी बदलली नाही; दोन्ही बाजूंचे बुश तेवढे नवे टाकले. मेकॅनिकला एक आवर्जून सांगा: बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना. चाकं लटकत असताना आवळला तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बुशाला ग्रीस किंवा डिझेल लावा, असं बरेच जण सांगतात. आवाज बंद होतो खरा, पण साधं रबर त्याने फुगतं. लावायचंच तर सिलिकॉन स्प्रे.

आता पहाटे मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची थोडी करकर उरली आहे, तीही गाडी रिकामी असताना. माल भरला की तीही जाते.