पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर तपासणी कशी करून घ्यावी

सलग 12 महिने पाळी आली नाही की ती कायमची गेली असं धरतात. त्यानंतर कपड्यावर एकच डाग दिसला, अगदी गुलाबी असला, तरी तो स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचाच. "उष्णता वाढली असेल" म्हणत महिने घालवू नका. बहुतेकींमध्ये कारण साधं निघतं: योनीची त्वचा किंवा गर्भाशयाचं अस्तर पातळ होणं, नाहीतर पॉलिप, म्हणजे आत वाढलेला छोटा मांसल कोंब. पण साधारण दहातल्या एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असतो, आणि लवकर सापडला तर तो बहुधा पूर्ण बरा होतो.

जाताना रक्त कधी, किती गेलं ते लिहून न्या. चालू गोळ्याही न्या. रक्त पातळ करणारी औषधं, हार्मोन आणि टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरचं औषध) यांचा उल्लेख चुकवू नका.

आधी आतून तपासणी होते, कारण रक्त लघवीच्या किंवा शौचाच्या जागेतूनही येत असू शकतं. मग योनीमार्गे सोनोग्राफी, लघवी करून आल्यावर. अस्तर 4 मिलीमीटर किंवा कमी असेल तर कर्करोगाची शक्यता फार कमी. जास्त असेल, किंवा नीट दिसत नसेल, तर बारीक नळीने अस्तराचा तुकडा घेतात. काही मिनिटं पाळीसारखी कळ येते.

इथेच गफलत होते. पॅप स्मिअर नॉर्मल आला म्हणून अस्तर ठीक आहे असं होत नाही. ती मुख्यतः गर्भाशयमुखाची तपासणी. नळीतून पॉलिपही निसटू शकतो. म्हणून रिपोर्ट चांगला असूनही पुन्हा रक्त गेलं तर दुर्बिणीने तपासणी, म्हणजे हिस्टेरोस्कोपी, करायची का हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.