ऑनलाइन ऑफिसला आधी सोपा काढा

आमच्या कामावरचे गवंडी मेस्त्री पहिल्यांदा ऑनलाइन ऑफिसात आले, दोन मिनिटं उभे राहिले आणि एक शब्द न बोलता निघून गेले.

मी शहापूरची, बेळगावात एकोणीस वर्षं घरांचे नकाशे काढते. माणसं खानापूर, निपाणी, पुणे अशी विखुरलेली. म्हणून वर्कअ‍ॅडव्हेंचरवर ऑफिस मांडलं. यात पडद्यावरच्या नकाशात आपली बाहुली चालवायची, कुणाच्या जवळ गेलं की बोलणं सुरू. मी काय केलं, तर दार उघडल्याबरोबर मोठा हॉल, आणि हॉलात अकरा जण. साइटवर हेच मेस्त्री आधी चप्पल काढतात, कट्ट्यावर टेकतात, पाणी पितात, मग म्हणतात, "बाई, नकाशा दाखवा बघू." ती टेकायची जागाच मी ठेवली नव्हती.

तेव्हा प्रवेशाची जागा सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या बसायच्या भागात, ठेवा. आपल्या जुन्या घरात रस्ता, कट्टा, सोपा, माजघर आणि मागं परडं असा क्रम असतो. प्रत्येक उंबरठ्यावर माणूस ठरवतो, पुढं जायचं की इथंच बसायचं. एडवर्ड हॉल या अभ्यासकानं 1966 साली माणसामाणसांतली अंतरं मांडली: ओळखीच्या माणसाशी बोलताना साधारण 1.2 मीटरपर्यंत, कामापुरत्या माणसाशी 3.6 मीटरपर्यंत. पडद्यावर मधलं काही नसतं, आवाज एकदम सुरू होतो. त्या पायऱ्या नकाशातच घालाव्या लागतात. सोप्यात एक बाक, भोवती चार-पाच चौकटी (नकाशातली चौकोनी घरं) मोकळ्या. टेबलावर बसलेल्याला बाक दिसला पाहिजे, म्हणजे एका स्क्रीनवर दोन्ही मावले पाहिजेत. पण बाकावर बसणाऱ्याचं बोलणं आपोआप जोडलं जाता कामा नये.

नकाशाला हात लावण्याआधी आठवडाभर वहीत टिपा, कोण कुणाशी किती वेळा बोलतं. मग प्रत्येकाचं एक वर्तुळ काढा, जास्त बोलणारी शेजारी. आमच्याकडे ड्रॉइंग करणारी आणि साइट इंजिनिअर दिवसातून सात-आठ वेळा बोलतात, सगळ्यांची मिटिंग मात्र सोमवारी एकदाच. तरी मी सगळ्यात मोठी खोली मिटिंगला दिली होती! ती आता कोपऱ्यात आहे. या दोघींच्या टेबलांना मी हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिराची मांडणी दिली. तिथं दोन गाभारे समोरासमोर आहेत आणि मधला मंडप दोघांचा. तशी दोन टेबलं समोरासमोर, मध्ये व्हाइटबोर्ड, कुणाच्याही बाजूनं तीन पावलांवर.

आवाजाचं मी वडगावला आजोळी शिकले. माजघरात माग होता. तो चालू असला की कुणी तिथं बोलायचंच नाही. बोलायचं असेल तर परड्यात. कामाची टेबलं अशीच ठेवा, तो भाग सायलेंट झोन करून टाका, म्हणजे तिथं जवळ गेलं तरी बोलणं सुरू होत नाही. आणि बोलायला परडं द्या: एक झाड, दोन दगड. एरवी तिथल्या एका गप्पेत चारच जण मावतात, ते मला पुरेसं वाटतं. जास्त माणसं असतील तर मिटिंगच्या खोलीत जावं.

आकाराबाबत हात आखडता घ्या. घर बांधताना आम्ही माणसाच्या पावलानं मोजतो, इथं बाणाची कळ किती वेळ दाबावी लागते त्यानं मोजा. ग्राफ पेपरवर एक घर म्हणजे एक चौकट धरा (नकाशात ती 32 बाय 32 पिक्सेलची असते), मग टाइल्ड या मोफत प्रोग्राममध्ये उतरवा. पहिला नकाशा मी 60 बाय 40 चौकटींचा केला होता. त्यात माणसं हरवल्यासारखी फिरायची. आता 30 बाय 22 आहे, आणि येता-जाता एकमेकांची गाठ पडते.

पाट्या मराठीत आणि कन्नडमध्ये लावा. आमच्यात दोन्ही बोलणारे आहेत, आणि पाटी वाचता येत नाही त्या खोलीत माणूस शिरत नाही. जून-जुलैत जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस लागला की नेटवर्क जातं, म्हणून कॅमेरा बंद ठेवूनही काम चाललं पाहिजे. कोण कुठं बसलंय यावरूनच कळावं की तो मोकळा आहे की कामात.

कागदावरचा नकाशा मात्र टाकू नका. मोझिलाचं हब्ज हे असंच ऑनलाइन भेटायचं त्रिमितीय साधन 31 मे 2024 ला बंद झालं. उद्या आपलं साधन बदललं, तर जागा पुन्हा मांडायला कागद लागतो. माझा ग्राफ पेपर टेबलामागं भिंतीवर चिकटवलेला आहे. त्यावर शेवटची दुरुस्ती पेन्सिलीची: सोप्यातला बाक दोन चौकटी दाराकडं. मेस्त्रींनी सांगितलं, तिथून आत कोण आहे ते नीट दिसतं.