चूर्ण घेताय? त्याच बॅचचा अहवाल मागा
वनस्पतीजन्य औषध म्हणजे निर्धोकच, असं धरून चालू नका. झाडं मुळांवाटे जमिनीतले कॅडमियम, शिसं असे जड धातू शोषतात आणि उकळल्याने ते नाहीसे होत नाहीत. डबीवरचा बॅच नंबर कळवून उत्पादकाकडे त्याच बॅचचा जड धातूंचा तपासणी अहवाल मागा. ‘सगळं तपासलेलं असतं’ या उत्तरावर समाधान मानू नका, आकडे हवेत. तोंडावाटे घ्यायच्या औषधांतून दिवसाला ५ मायक्रोग्रॅमपर्यंतच शिसं, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. अहवालात १ पीपीएम (म्हणजे ग्रॅममागे १ मायक्रोग्रॅम) शिसं असेल, तर ५ ग्रॅम चूर्णातच ती गाठली जाते! गरोदर बाईला, लहान मुलांना तर अहवालाशिवाय देऊच नका. पोटात कळा, बद्धकोष्ठता, सततचा थकवा जाणवला तर डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा आणि रक्तातल्या शिशाची तपासणी करायची का, ते विचारा.