चिकट टायर चढवण्याआधी मागचा अ‍ॅक्सल कसा तयार करावा

कृष्णाकाठच्या काळ्या रानात पावसाळ्यात पिकअप रुतली की चाक जागेवर फिरत राहतं, चिखल उडवतं, पण गाडीचं काही मोडत नाही. मग कुणीतरी चाकाखाली दगड सारतो. ड्रायव्हर पाय न काढता तसाच रेटतो, फिरतं चाक दगडाला धरतं आणि मागून ‘कट्’ असा आवाज येतो. हाफ शाफ्ट, म्हणजे डिफ्रन्शिअलपासून चाकापर्यंत जोर नेणारा दांडा, गेला.

ड्रॅग शर्यतीच्या, म्हणजे थांबलेल्या गाडीने सरळ पट्टीवर सुसाट सुटायच्या शर्यतीच्या, चिकट टायरची गोष्ट हीच आहे, फक्त चिखल नसतो. साधा टायर घसरतो म्हणून शाफ्ट वाचतो. घसरणं थांबवलं की तोच जोर पुढची कच्ची जागा शोधतो: शाफ्टचे दात, क्राऊन-पिनियन (मागची मोठी-लहान गिअरची जोडी), यू-जॉइंट (प्रोपेलर शाफ्टचा सांधा), नाहीतर हाऊसिंगची, म्हणजे बाहेरच्या कवचाची, नळी. सातारा-सांगलीकडे जुन्या कॉन्टेसा, जीप, जिप्सी हौसेने उभ्या करणारे बरेच आहेत, आणि त्यातले बहुतेक पहिला खर्च टायरवर करतात. क्रम उलटा हवा. टायर सगळ्यात शेवटी.

आधी कागदावर हिशेब

मागच्या चाकांनी ओढणारी गाडी धरा. वजन १२०० किलो, त्यातलं निम्मं मागे. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.५ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.५ मीटर, टायरची त्रिज्या ०.३ मीटर. साध्या टायरची पकड, म्हणजे घर्षणाचा गुणांक, ०.८५ धरली, तर गाडी सुटताना मागच्या चाकांवर साधारण ७२० किलो येतात आणि दोन्ही शाफ्टवर मिळून सुमारे १,८०० न्यूटन-मीटर टॉर्क येतो. त्यापुढे टायर घसरतो.

आता चिकट टायर आणि डिंकासारखं रसायन मारून तयार केलेली शर्यतीची पट्टी घ्या, पकड १.५. गाडी जास्त जोरात सुटते, त्यामुळे वजन आणखी मागे सरकतं आणि मागचा भार ८५० किलोंच्या वर जातो. टॉर्क होतो सुमारे ३,८००. म्हणजे पकड पावणेदोन पट वाढली, पण शाफ्टवरचा ताण दुपटीहून जास्त वाढला. सगळ्यांचा हिशेब चुकतो तो इथे. रसायन न मारलेल्या धावपट्टीवर पकड १.१ च्या आसपास धरली, तरी आकडा २,५०० पर्यंत जातोच.

‘माझ्या इंजिनात एवढा दमच नाही’ असं वाटत असेल, तर तेही मोजा. २५० न्यूटन-मीटरचं इंजिन, पहिला गिअर ३.८, क्राऊन-पिनियनचं प्रमाण ४.१. गुणाकार ३,८९५. घर्षणात दहा-पंधरा टक्के गेले तरी ३,४०० च्या आसपास उरतात. उरलेली कसर फ्लायव्हील भरून काढतं. ४,००० आरपीएमवर क्लच एकदम सोडला की फिरत्या फ्लायव्हीलमध्ये साठलेली ताकद एका झटक्यात मागे येते. या झटक्याला क्लच घसरून थोडा लगाम घालतो. म्हणून चिकट टायरबरोबरच सिरॅमिक बटणाचा कडक क्लच बसवू नका. तसं केलं तर घसरणाऱ्या दोन्ही जागा एकदम बंद होतात.

अ‍ॅक्सल ओळखा आणि उघडा

गाडी सपाट जागी घ्या, पुढच्या चाकांना लाकडी गुटके लावा, मागून उचलून जॅक स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. चाक आणि ड्रम काढा.

बॅकिंग प्लेटजवळ (ड्रममागचा पत्रा) चार बोल्टची पट्टी दिसली, तर शाफ्ट बाहेरच्या टोकाला बेअरिंगसकट धरलेला आहे. बोल्ट काढून तो सरळ बाहेर ओढता येतो. तशी पट्टी नसेल, तर शाफ्ट बहुधा आतल्या टोकाला सी-क्लिपने अडकवलेला असतो. मागचं झाकण उघडा, डिफ्रन्शिअलची आडवी पिन काढा, शाफ्ट थोडा आत ढकला आणि क्लिप काढा. हा फरक नीट समजून घ्या. सी-क्लिपवाला शाफ्ट तुटला की चाक आणि शाफ्टचा तुकडा गाडीतून बाहेर निघून जाऊ शकतो. पट्टीवाल्यात शाफ्ट बेअरिंगच्या आतल्या बाजूला तुटला, तर चाक जागेवर राहतं. अमेरिकेत ड्रॅग शर्यती चालवणाऱ्या एनएचआरए या संस्थेच्या नियमांत पाव मैलाला १०.९९ सेकंद किंवा त्याहून जलद धावणाऱ्या गाडीला मजबूत शाफ्ट आणि शाफ्ट धरून ठेवणारी वेगळी सोय सक्तीची आहे, ती यामुळेच. ट्रकसारखा फुल-फ्लोटिंग अ‍ॅक्सल असेल, तर चाकाचं वजन नळी पेलते आणि शाफ्ट फक्त पीळ देतो. कारमध्ये तो क्वचितच सापडतो.

शाफ्ट तपासणं

डिझेलने धुवा, पुसून कोरडा करा. पहिल्यांदा दातांकडे बघा. दात शाफ्टच्या अक्षाला समांतर हवेत. आतल्या टोकाशी ते थोडे जरी तिरके झाले असतील, तर शाफ्टला कायमचा पीळ बसलाय. तो लेथवर सरळ होत नाही, भंगारात टाका.

मग चिरा. डाय पेनिट्रंटचे तीन डबे लागतात: क्लीनर, लाल रंग आणि डेव्हलपर. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीत हार्डवेअर-वेल्डिंगच्या दुकानात चौकशी करा. क्लीनरने पुसा, लाल रंग मारा, दहा मिनिटं थांबा. जादा रंग कापडाने पुसून घ्या. क्लीनर कापडावर घ्यायचा, थेट शाफ्टवर फवारला तर चिरेतला रंगही धुऊन जातो. वरून डेव्हलपरचा पातळ थर द्या. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली की तिथे चीर आहे. तीन जागा सोडू नका: दात संपतात ती खाच, बेअरिंग बसते ती पायरी आणि फ्लँजची (चाक बसतं त्या चकतीची) मुळी.

शेवटी शाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावा आणि फ्लँजचा डगमग मोजा. ०.१ मिमीच्या वर गेला तर शाफ्ट वाकला असण्याची शक्यता धरा.

नवा शाफ्ट करून घेताना

लेथवाल्याकडे जाऊन ‘जाडजूड करून द्या’ म्हणणं उपयोगाचं नाही. पिळाची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. २८ मिमीचा शाफ्ट ३२ मिमी केला, तर व्यास १४ टक्केच वाढतो, पण ताकद जवळपास दीडपट होते. फोर्डचा ९ इंची अ‍ॅक्सल १९५७ च्या मॉडेलपासून आला आणि आजही ड्रॅगवाल्यांचा लाडका आहे. त्यात २८ दातांवरून ३१ आणि ३५ दातांच्या शाफ्टवर लोक जातात ते याचसाठी. दात वाढतात म्हणजे मुळात व्यास वाढतो. २८ चा सुमारे ३० मिमी, ३५ चा सुमारे ३८ मिमी आणि ताकद जवळजवळ दुप्पट.

वरच्याच हिशेबातला २८ मिमी शाफ्ट घ्या. साध्या टायरवर त्याच्या पृष्ठभागावर सुमारे २१० मेगापास्कल ताण येतो, चिकट टायरवर ४४०. गाडी वाकडी सुटून एक चाक उचललं गेलं आणि डिफ्रन्शिअल लॉक केलेलं असेल, तर इंजिन देईल तेवढा सगळा टॉर्क एकाच शाफ्टवर जातो. आकडा ८०० च्या आसपास पोचतो.

नेहमीच्या ईएन ८ या साध्या कार्बन पोलादाचा शाफ्ट इथे टिकत नाही. ईएन २४ हे मिश्र पोलाद घ्या. पण बाजारात मिळणारा टी कंडिशनचा (आधीच थोडा कडक केलेला) बार नुसता कातून बसवलात, तर तोही ४४० ला पिळतो. दात कापून झाल्यावर हार्डनिंग-टेम्परिंग करून कडकपणा रॉकवेल सी मापावर ४० ते ४५ वर आणा. ५० च्या वर नेलात तर शाफ्ट काचेसारखा ठिसूळ होईल. लेथवाल्याला आणखी दोन गोष्टी लिहून द्या: व्यास बदलतो त्या प्रत्येक कोपऱ्याला किमान ३ मिमी त्रिज्येची गोलाई, आणि दातांच्या मुळापेक्षा शाफ्टचा मधला दांडा किंचित बारीक. दुसरी सूचना ऐकून लेथवाला हमखास हसतो. पण दांडा थोडा बारीक असला की पीळ सगळ्या लांबीत वाटला जातो, दातांच्या तोंडाशी साचत नाही.

डिफ्रन्शिअल, क्राऊन-पिनियन, हाऊसिंग

स्पायडर गिअर (डिफ्रन्शिअलमधले छोटे गिअर) वेल्ड करून दोन्ही चाकं एकत्र बांधण्याचा स्वस्त जुगाड करू नका. वेल्डजवळचं कडक पोलाद ठिसूळ होतं आणि तुकडे क्राऊनच्या दातात जातात. एनएचआरएनेही वेल्ड केलेल्या स्पायडरला बंदी घातली आहे. पैसे असतील तर स्पूल (दोन्ही शाफ्ट कायमचे एकत्र बांधणारा गाभा) किंवा चांगलं लिमिटेड स्लिप (एकच चाक फिरत राहू न देणारं डिफ्रन्शिअल) घाला. स्पूल रस्त्यावर वापरायचा नाही, वळणावर तो शाफ्टला रोज पीळ देतो.

क्राऊन-पिनियनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजने चार ठिकाणी मोजा. बहुतेक गाड्यांत तो ०.१५ ते ०.२५ मिमीमध्ये असतो, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला. दातांना प्रुशियन ब्लू लावून फिरवा. ठसा दाताच्या मध्यावर पडायला हवा. तो टोकाकडे सरकला असेल, तर शिम (जागा जुळवायच्या पातळ चकत्या) बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्राऊनचे बोल्ट नवे, लाल थ्रेडलॉकर लावून, टॉर्क रेंचने. तेल जीएल-५ दर्जाचं, ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४०. क्लचवाल्या लिमिटेड स्लिपला फ्रिक्शन मॉडिफायर वेगळा लागतो. नवा जोड बसवला असेल, तर पंधरा-वीस मिनिटं सावकाश चालवून पूर्ण थंड होऊ द्या. असं तीन-चार वेळा करा आणि सुमारे ८०० किलोमीटरला तेल बदला.

हाऊसिंगमध्ये नळ्या ओतीव गाभ्यात दाबून बसवलेल्या असतील, तर जोराने त्या गाभ्यात फिरू शकतात. नळी आणि गाभा यांवर खिळ्याने एक आडवी रेघ ओढून ठेवा. रेघ जुळेनाशी झाली की नळी फिरली. वेल्ड करायचं तर ओतीव भाग आधी तापवून, निकेलच्या रॉडने.

उड्या मारणारा अ‍ॅक्सल

शाफ्ट बऱ्याचदा एकाच मोठ्या झटक्यापेक्षा या उड्यांनी तुटतो. पाट्यांवरच्या अ‍ॅक्सलमध्ये जोर आला की पिनियनचं तोंड वर उचलतं आणि पाटा इंग्रजी ‘एस’सारखा मुरडतो. टायर धरतो, पाटा सुटतो, टायर निसटतो, पुन्हा धरतो. सेकंदाला कितीतरी वेळा. धड धड धड असा आवाज आला की लगेच पाय काढा, ‘आत्ता धरेल’ म्हणून रेटू नका. तो प्रत्येक ठोका म्हणजे चाकाखालचा दगड.

उपाय खालून वर करत जा. आधी पाट्यांचे बूश नवे, शक्यतो पॉलियुरेथेनचे. यू-बोल्ट पुन्हा कसा. मागचे शॉकर गेलेले असतील तर बदला. मग ट्रॅक्शन बार, म्हणजे पाटा मुरडू न देणारे दांडे, लावा. पिनियनचं तोंड प्रोपेलर शाफ्टच्या रेषेपेक्षा साधारण ३ ते ४ अंश खाली ठेवून सुरुवात करा, म्हणजे जोर आल्यावर ते सरळ रेषेत येतं. कोन मोजायला फोनमधलं लेव्हल चालतं, पण गाडी चाकांवर उभी असताना मोजा.

आता टायर

स्लिक (बिनखोबणीचा शर्यतीचा टायर) आणि ड्रॅग रेडिअल यांत शाफ्टच्या दृष्टीने फरक आहे. बायस-प्लाय, म्हणजे आतले धागे तिरके असलेल्या, स्लिकची बाजू सुटताना सुरकुतते आणि पहिला झटका थोडा गिळते. रेडिअलची बाजू ताठ असते, झटका सरळ आत जातो. म्हणून रेडिअल असताना क्लच अधिक हळुवार सोडा. टायरचा व्यास वाढला की शाफ्टवरचा टॉर्कही त्याच प्रमाणात वाढतो. २६ इंचाचा २८ केलात तर जवळपास ८ टक्के.

ड्रॅग रेडिअलला थंड असताना १५ ते २० पीएसआय हवा ही साधारण सुरुवात, टायर कंपनीचा आकडा वेगळा असेल तर तो पाळा. रिम आणि टायर दोन्हींवर खडूने एक सलग रेघ मारा. लाँचनंतर, म्हणजे जागेवरून जोरात सुटल्यावर, रेघ तुटली असेल, तर टायर रिमवर फिरतोय. चाकाचे स्टड तपासा, नट पूर्ण लांबीत बसले पाहिजेत.

हे टायर लावून सातारा-महाबळेश्वर रस्त्यावर जाऊ नका. खोबणी जवळपास नसतात, पावसात ते पाण्यावर तरंगतात. महामार्गावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. अशाच बंद जागी, आयोजकांच्या परवानगीने.

पहिले दहा लाँच

शाफ्ट बसवण्याआधी त्यावर फ्लँजपासून दातांपर्यंत रंगाच्या पेनने एक सरळ रेघ ओढा. पहिले तीन लाँच १,५०० आरपीएमवर, क्लच घसरवत. मग दर दोन लाँचला ५०० वाढवा. बर्नआउटनंतर (टायर तापवायला चाक जागेवर फिरवणं) चाक फिरत असतानाच टायर कोरड्या, चिकट पट्टीवर जाऊ देऊ नका, ब्रेक लावून थांबा आणि मग पुढे सरका. सुटताना मागे आणि बाजूला कुणी उभं राहू नये.

दहा झाल्यावर शाफ्ट बाहेर काढा. रेघ सरळ असेल तर ठीक. ती मळसूत्रासारखी फिरली असेल, तर शाफ्ट अजून तुटलेला नसला तरी गेलेलाच आहे. झाकणाच्या चुंबकावरची राखाडी लापशी चालते, पण चमकते तुकडे चालत नाहीत.

आणि तुटलाच, तर तुकडा फेकू नका. अक्षाला काटकोनात सपाट तुटला असेल, तर पोलाद लवचीक होतं पण ताकद कमी पडली: व्यास वाढवा. ४५ अंशात, मळसूत्रासारखा तुटला असेल, तर तो ठिसूळ होता: हार्डनिंग करणाऱ्याशी बोला. एका बिंदूपासून ओहोटीच्या वाळूसारख्या वक्र रेघा पसरलेल्या दिसल्या, तर चीर आधीपासूनच वाढत होती. अशा रेघा फ्लँजजवळ असतील, तर बाहेर काढलेल्या रुंद रिमने शाफ्ट वाकवला. तिथे शाफ्ट जाड करण्याआधी रिमचा ऑफसेट बदला, म्हणजे चाक आत घ्या.