पुरानंतर बाईट घेताना आधी भिंत बघा

सांगलीत पूर ओसरल्यावर गावभागात, मारुती चौकात मुलाखती घ्यायला जाणाऱ्या पत्रकारितेच्या पोरांनो, ‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न घरीच ठेवून या. चिखल उपसणाऱ्या बाईला काय वाटणार, कपाळ! त्याऐवजी विचारा, ‘काकू, पाणी कुठवर आलं होतं?’ त्या पदराला हात पुसत भिंतीवरची मातकट रेघ दाखवतात. मग माळ्यावर चढवलेली पोती, २०१९च्या महापुराची ती रात्र, सगळं आपसूक निघतं. रेकॉर्डिंग मात्र विचारूनच सुरू करा. कुणी ‘सत्तावन्न फूट पाणी’ म्हणालं तर तो आकडा कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलापाशी मोजलेल्या पातळीचा, घरातल्या पाण्याचा नव्हे. तिथे धोक्याची पातळीच ४५ फूट आहे. घरातलं पाणी वेगळं विचारा: गुडघाभर, छातीभर, की छताला?